घोडेस्वाराचा हात का तुटतो? धातूच्या मिनिएचर्ससाठी ग्लू निवडायचा आणि वापरायचा कसा

माझा पहिला धातूचा घोडेस्वार (मिनिएचर, म्हणजे सुटे भाग जोडून रंगवायची छोटी आकृती) रात्री दहाला जोडून झाला आणि सकाळी चहाच्या वेळी पाहतो तर भाला धरलेला हात टेबलावर. पुन्हा चिकटवला, या वेळी दुप्पट ग्लू घालून. आठवडाभर टिकला. तिसऱ्यांदा तुटला तोवर खांद्यावर वाळलेल्या ग्लूचं एवढं टेंगूळ झालं होतं की हात नीट बसेचना. पुढची दोन वर्षं मी ग्लू बदलत राहिलो. चूक ग्लूची नव्हती, माझी होती.

धातूच्या जोडात ग्लूचा नंबर शेवटचा. आधी दोन भाग एकमेकांवर कसे बसतात ते पाहायचं, मग त्या जागी कुठल्या बाजूने जोर येणार ते ठरवायचं, आणि त्यानंतर बाटली उघडायची.

प्लॅस्टिकवरून धातूकडे येणाऱ्यांची इथेच गफलत होते. प्लॅस्टिक मॉडेल जोडायचा खास ग्लू (त्याला सिमेंट म्हणतात) पॉलिस्टायरीनचे, म्हणजे त्या प्लॅस्टिकचे, दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि ते एकजीव होतात. धातूला तो काहीही करू शकत नाही. नुसता वाळून जातो. शिवाय वजन बघा. पॉलिस्टायरीनची घनता पाण्याच्या आसपास, तर कथलाची त्याच्या सातपट. म्हणजे तेवढाच हात धातूचा असला की जोडावर सातपट भार, आणि तो हात बाहेर पसरलेला असेल तर तरफेसारखा ओढणारा.

हातात नक्की काय आहे?

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम हे या धंद्याचं माहेरघर. गेम्स वर्कशॉप, पेरी मिनिएचर्स, वॉरलॉर्ड गेम्स असे कितीतरी उत्पादक त्या भागात असल्यामुळे शौकीन मंडळी त्या परिसराला गमतीने ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. आकृत्या ओततात त्या मिश्रधातूला व्हाइट मेटल म्हणतात: मुख्यतः कथील, सोबत अँटिमनी, बिस्मथ किंवा शिसं. रबराच्या गोल साच्यात वितळलेला धातू ओतून साचा गरागरा फिरवतात, म्हणजे तो कानाकोपऱ्यात पोचतो. धातू नीट वाहावा आणि आकृती सहज सुटावी म्हणून साच्यात टाल्कम पावडर भुरभुरवतात. ही पावडर आकृतीला चिकटून आपल्या घरापर्यंत येते, आणि ग्लू तुमच्या घोडेस्वाराला न चिकटता तिलाच चिकटतो.

जुन्या, विशेषतः १९९० च्या दशकाआधीच्या आकृत्यांमध्ये शिसं भरपूर असतं. तशी आकृती हाताळत असाल तर कोरडी घासू नका, कानस ओली ठेवा, भुसा ओल्या फडक्याने टिपा, काम करताना चिवड्याची वाटी दूर ठेवा आणि शेवटी हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर हे काम जेवणाच्या टेबलावर मांडूच नये.

ग्लू तीनच, बाकी सगळी नावं

पहिला सुपरग्लू, म्हणजे सायनोअॅक्रिलेट. आपल्याकडे पानाच्या टपरीवरही मिळणारं फेविक्विक याच जातीचं. याचा जन्म मजेशीर आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ दिसेल त्याला चिकटत सुटला म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा पातळ थर प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या एका महागड्या यंत्राच्या दोन लोलकांमध्ये ठेवला आणि लोलक सुटेचनात. तेव्हा कुठे लक्षात आलं की हा तर ग्लू आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला.

ही गोष्ट सांगायचं कारण लोलक. घासून गुळगुळीत केलेले, एकमेकांवर तंतोतंत बसणारे दोन पृष्ठभाग आणि मध्ये केसाएवढाही नाही इतका पातळ थर. सुपरग्लूला हवं असतं ते एवढंच. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे थर जाड झाला की कडेने आवळतो आणि आत ओलाच राहतो. फट भरणं त्याचं काम नाही. सरळ ओढलं तर तो जबरदस्त धरतो, पण कडेपासून सोलल्यासारखं उचकटलं किंवा दणका बसला तर काचेसारखा तडकतो. टेबलावरून पडलेल्या आकृतीचा हात म्हणूनच सुटतो. पातळ, मध्यम आणि जेल असे तीन प्रकार मिळतात. धातूसाठी जेल किंवा मध्यम घ्या. पातळ ग्लू उतारावरून ओघळून चेहऱ्यावर जातो.

दुसरा इपॉक्सी. अॅराल्डाइटच्या दोन ट्यूब: एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. सारख्या प्रमाणात काढून मिनिटभर घोटायचं. ओलाव्याशी याला देणंघेणं नाही, थोडी फट असली तरी चालते आणि दणका सुपरग्लूपेक्षा बराच सोसतो. पाच मिनिटांचा प्रकार सोयीचा. सावकाश घट्ट होणारा जास्त मजबूत, पण तोवर आकृती टेकवून ठेवण्याची व्यवस्था हवी. मी तांदळाने भरलेल्या वाटीत आकृती खोचून ठेवतो. कुठल्याही कोनात उभी राहते.

तिसरी इपॉक्सी पुटी. परदेशात ग्रीन स्टफ किंवा मिलिपुट वापरतात, आपल्याकडे नळाच्या गळतीसाठी आणतो ते एम-सील. ती खरी चिकटवण्यासाठी नाही, फट भरण्यासाठी. एम-सीलचा पोत ग्रीन स्टफइतका बारीक नसतो, त्यामुळे चेहरा किंवा केस घडवायचे असतील तर निराशा होईल. पण घोड्याच्या पोटाखालची भेग बुजवायला त्याला तोड नाही, आणि किंमतही नगण्य.

फेविकॉल इथे चालत नाही. त्यातलं पाणी शोषलं किंवा उडून गेलं की तो घट्ट होतो. धातू पाणी शोषत नाही. शेवटी बैठकीवर, म्हणजे आकृती उभी असते त्या तळावर, वाळू चिकटवायला मात्र त्याच्यासारखं काही नाही.

सोल्डरबद्दलही विचारतात. परदेशातले रेल्वे मॉडेलवाले व्हाइट मेटल ७० अंश सेल्सियसला वितळणाऱ्या खास सोल्डरने झाळतात आणि तो जोड खरोखर अभंग असतो. पण नेहमीची सोल्डर गन घेऊन गेलात तर जोडाऐवजी घोड्याचा पायच वितळेल. सुरुवातीला या वाटेला जाऊ नये.

पायरी १: धुणं आणि घासणं

कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, जुन्या टूथब्रशने सगळे भाग घासा, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. बेसिनमध्ये धुताना खाली चहाची गाळणी धरा. तलवारी मोरीतून वाहून गेल्याचं दुःख मोठं असतं.

मग साच्याच्या सांध्याची बारीक रेघ आणि कडेला निघालेले धातूचे पापुद्रे कानसने काढा. सोनार वापरतात तो बारीक कानसांचा संच यासाठी उत्तम. सराफ बाजाराच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत मिळतो. तिथेच हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि त्याचे अर्ध्या ते एक मिलिमीटरचे बिट मागून घ्या, पुढे लागणार आहेत.

आता कोरडी जुळणी. ग्लू न लावता हात खांद्यावर ठेवा आणि उजेडासमोर धरा. मधून प्रकाश दिसतो? मग कानस चालवा, पुन्हा ठेवा, पुन्हा पाहा. नेमकं कुठे अडतं ते कळत नसेल तर एका बाजूला मार्करची शाई लावा आणि ओली असतानाच दुसरा भाग दाबा. शाई जिथे उमटली तिथे उंचवटा आहे. तेवढाच घासा. या कामाला कधी दहा मिनिटं जातात, कधी अर्धा तास. माझ्या अनुभवात जोड टिकणार की नाही, ते इथेच ठरतं.

जुळणी झाली की दोन्ही पृष्ठभागांवर कटरच्या टोकाने जाळीसारखे बारीक ओरखडे काढा. ग्लूला धरायला जागा मिळते. त्यानंतर तिथे बोट लावू नका. बोटाच्या तेलाने धुणं वाया जातं.

पायरी २: जोराचा अंदाज

घोडेस्वाराचंच उदाहरण घेऊ. ढाल पाठीवर सपाट बसते, हलकी आहे, जोर काहीच नाही: सुपरग्लू पुरे. स्वार खोगिरावर बसतो, स्वतःच्या वजनाने खाली दाबला जातो, पण मांड्या आणि खोगीर यांत फट हमखास असते: इपॉक्सी. घोड्याचे दोन अर्धे भाग: पृष्ठभाग मोठा, पण सगळ्या आकृतीचा भार त्यावर: पुन्हा इपॉक्सी, आणि शिवण पुटीने बुजवायची. बाहेर काढलेला, भाला धरलेला हात: संपर्काची जागा मसुराच्या डाळीएवढी, तरफ लांब, आणि उचलताना प्रत्येक जण नेमका तोच धरणार. इथे कुठलाही ग्लू एकटा पुरणार नाही. इथे पिन, म्हणजे दोन्ही भागांत भोक पाडून आत घातलेला तारेचा तुकडा.

माझा नियम साधा आहे. संपर्काच्या जागेपेक्षा भाग तिपटीहून लांब बाहेर जात असेल तर पिन घालतोच. ड्रॅगनचे पंख, शेपट्या, पुढे केलेले तोफांचे दांडे, सगळं यात आलं.

पायरी ३: पिन

पिनसाठी एक मिलिमीटरची पितळी तार उत्तम, नाहीतर ऑफिसातली साधी पेपर क्लिप. बिट पिनच्या जाडीचाच किंवा किंचित मोठा हवा. मनगटासारख्या नाजूक जागी अर्ध्या मिलिमीटरवर या.

आधी हाताच्या बाजूला, जोडाच्या मधोमध कंपासच्या टोकाने खळगा करा, म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिल बोटांनी सावकाश फिरवा. व्हाइट मेटल मऊ असतं, त्याचा भुसा बिटच्या खाचांत गच्च बसतो आणि मग बिट मोडतो. दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसत जा. तीन ते पाच मिलिमीटर खोल पुरे. आत मोडलेला बिट निघता निघत नाही. त्या आकृतीत एक जन्मभराचा पोलादी काटा राहतो आणि दुसरं भोक शेजारी पाडावं लागतं. ही घाई मी तीनदा केली आहे.

आता खरी मेख: दुसऱ्या बाजूचं भोक बरोबर समोर कसं यायचं? पहिल्या भोकाच्या कडेला रंगाचा बारीक ठिपका लावा, हात खांद्यावर हव्या त्या कोनात नेमका टेकवा आणि उचला. ठिपका खांद्यावर उमटतो. तिथे भोक पाडा. तरीही थोडं चुकतंच. म्हणून खांद्याकडचं भोक मी मुद्दाम जरा मोठं करतो आणि त्यात इपॉक्सी भरतो. पिनला इकडे-तिकडे सरकायला वाव मिळतो आणि उरलेली पोकळी इपॉक्सी भरून काढतं.

तार कापताना डोळ्यावर चष्मा हवा, उडालेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. प्लॅस्टिक कापायची नाजूक कात्री यासाठी वापरू नका, धार जाते. साधी पक्कड घ्या. कापलेली पिन पकडीने दोन-तीन ठिकाणी चिमटून खरबरीत करा. आधी हातात पिन सुपरग्लूने बसवा, वाळू द्या, मग खांद्यात कोरडी घालून पाहा. लांब वाटली तर कापा. सगळं पटलं की मगच पुढे.

भाला धातूचाच ओतलेला असेल तर तो वाकत राहणार, सरळ करता करता एक दिवस तुटणार. मी तो काढून टाकतो, मूठ आरपार भोकतो आणि पितळी तार घालतो. टोक हातोडीने चपटं करून कानसने पातं काढता येतं. पण हे टोक खरंच टोचतं, एवढं लक्षात असू द्या.

पायरी ४: ग्लू लावणं

सुपरग्लू नळीतून थेट आकृतीवर कधीही सोडू नका. रिकाम्या दुधाच्या पिशवीचा तुकडा धुऊन टेबलावर ठेवा, त्यावर एक थेंब काढा, आणि टाचणीच्या टोकाने हवा तेवढा उचला. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि सुपरग्लू पॉलिथिनला धरत नाही; त्याच्या बाटल्याही याच कारणाने तशा प्लॅस्टिकच्या. मसुराएवढ्या जोडाला मोहरीच्या निम्मा ग्लू पुरतो. एकाच बाजूला लावा. दोन्ही बाजूंना लावला की थर जाड होतो.

भाग टेकवा, दाबा आणि हलवू नका. अर्धवट धरलेला जोड हलला की आतला थर तुटतो आणि मग कितीही वेळ धरा, तो कच्चाच राहतो. असं झालं तर सोडा, जुना ग्लू खरवडा, नव्याने लावा. धातू थंड आणि कोरडा असतो, त्यामुळे त्याला वेळ लागतो. बोटांना मात्र घाम असतो, म्हणून बोटं आधी चिकटतात. डिसेंबरात पुण्यात किंवा नागपुरात हवा कोरडी असली की दुसऱ्या, ग्लू न लावलेल्या बाजूवर एकदा तोंडाने वाफ सोडा. तेवढा ओलावा पुरतो. मिनिटाभरात हात सोडता येतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास द्या.

कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात नेमकं उलट घडतं. ग्लू झटकन धरतो आणि जोडाभोवती पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो. ती बुरशी नसते, ग्लूची वाफ दमट हवेत घट्ट होऊन बसलेली असते. ग्लू कमी वापरा, पंख्याची हलकी झुळूक राहू द्या. रंगवण्याआधी असं झालं तर काळजी नको, प्रायमरखाली, म्हणजे रंगाआधी मारायच्या थराखाली, झाकलं जातं. रंगवलेल्या आकृतीवर मात्र शेवटचा जोड इपॉक्सीनेच द्या.

फट असलेल्या जोडासाठी एक जुनी युक्ती आहे. पुटीची तिळाएवढी गोळी मळून एका भागावर दाबा, तिच्याभोवती आणि समोरच्या भागावर सुपरग्लूचा अंश लावा, मग दोन्ही भाग एकमेकांवर दाबा. सुपरग्लू लगेच धरून ठेवतो, पुटी फटीचा आकार घेते आणि सावकाश दगड होते. बाहेर आलेली पुटी ओल्या सुईने तिथल्या तिथे सारखी करा.

फट अगदी लहान असेल तर स्वयंपाकघरातला खायचा सोडा चालतो. फटीत सोड्याची चिमूट, वर पातळ सुपरग्लूचा थेंब. क्षणात कडक होतं. हे भरताड वाळूच्या खड्यासारखं ठिसूळ असतं, त्यामुळे भार पडणाऱ्या ठिकाणी नको.

इपॉक्सीचं तंत्र वेगळं. प्रमाण चुकलं तर तो कायम चिकट राहतो, म्हणून वाटाण्यापेक्षा कमी काढू नका. त्याहून कमी मात्रेत अर्धं-अर्धं डोळ्याने जमत नाही. बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसा. हातमोजे घाला. काहींना इपॉक्सीची अॅलर्जी हळूहळू जडते आणि एकदा जडली की जात नाही.

हातमोजे सुती नसावेत. सुपरग्लू सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर इतकी उष्णता निघते की भाजतं. इअरबडने सुपरग्लू पुसायला जाऊ नका. बोटं चिकटली तर ओढू नका; कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू गोल फिरवत सोडवा. डोळ्याशी काही झालं तर घरगुती उपाय नकोत, सरळ डॉक्टरकडे.

रंग आधी की जोड आधी?

ढाल आडवी येत असेल तर वेगळी रंगवून शेवटी लावणं सोयीचं. पण रंगावर लावलेला ग्लू रंगालाच धरतो, आणि रंग धातूवरून सोलून निघतो. जोडाच्या जागा प्रायमर मारण्याआधी चिकटपट्टीच्या तुकड्याने झाका, नाहीतर शेवटी खरवडून धातू उघडा करा. घोडा आणि प्लॅस्टिकची बैठक यांत सुपरग्लू चालतो, पण घोडा दोनच पायांवर उभा असेल तर एका खुरातून पिन खाली बैठकीत न्या.

तुटलंच तर

तुटलेला जोड आधी भिंगाखाली पाहा. सगळा ग्लू एकाच बाजूला राहिला आणि दुसरी बाजू लख्ख असेल, तर त्या बाजूला तेल किंवा पावडर होती. दोन्ही बाजूंना ग्लूचे तुकडे असतील तर ग्लूने आपलं काम केलं, जोर त्याच्या आवाक्याबाहेरचा होता, पिन घाला. मधोमध चिकट किंवा ओला असेल तर थर जाड होता.

जुना सुपरग्लूचा जोड मुद्दाम सोडवायचा असेल तर आकृती पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीत सुपरग्लू आणखी ठिसूळ होतो, बाहेर काढल्या काढल्या हलक्या पिळाने सुटतो. वाळलेला थर काढायला अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रव; बऱ्याच बाटल्यांत अॅसिटोन नसतंच, तेव्हा लेबल वाचून घ्या. खिडकी उघडी, गॅस बंद. प्लॅस्टिकची बैठक आधी वेगळी करा, अॅसिटोन तिला विरघळवतं.

ग्लू साठवण्याचंही थोडं बघा. मोठी बाटली उघडल्यावर आपल्या हवेत काही महिन्यांत घट्ट होते. महिन्यातून एखादी आकृती जोडणाऱ्याने छोट्या नळ्याच घ्याव्यात. एक फोडा, वापरा, उरलेली टाका. मोठी घेतलीच तर हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येते त्या सिलिका जेलच्या पुडीसोबत, फ्रीजमध्ये उभी ठेवा. आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. थंडगार बाटली तशीच उघडली की आत दव धरतं आणि ग्लू बाटलीतच गोठायला लागतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला विसरू नका. आमच्या घरी तो फ्रीजच्या दारात डोळ्याच्या ड्रॉप्सशेजारी सापडला होता, त्यानंतर त्याला भाजीच्या कप्प्यामागे हद्दपार व्हावं लागलं.